गव्हर्नर व्हान्सचं दफ्तर

नोव्हेंबर १८६२ मध्ये मार्था कोलट्रेन नावाच्या एका शेतकरी बाईने आपल्या राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. राज्य अमेरिकेतलं, नॉर्थ कॅरोलायना. सुरुवातीलाच तिने सांगून टाकलं की अधिकारावरच्या माणसाला आजवर कधी लिहिलेलं नाही, माझ्यासारखीला हे धाडस मोठंच आहे, पण गरजच तशी पडली. नवऱ्याचं वय पस्तिशीच्या पुढचं. नव्या कायद्याने आता त्यालाही लष्करात ओढून नेणार होते. पदरात लहान मुलं, शेतावर दुसरं कोणी नाही. आमच्या भागात गुलाम बाळगणारी माणसं नाहीत, नवरा गेला तर आम्ही जगायचं कसं, असा तिचा सरळ प्रश्न.

असली पत्रं त्या गव्हर्नरला रोज येत होती. रॅले शहरातल्या राज्य अभिलेखागारात ती अजून जपून ठेवलेली आहेत. पेट्यांवर नाव गव्हर्नरचं, झेब्युलॉन बेअर्ड व्हान्स. आत मात्र निम्म्याहून अधिक आवाज दुसऱ्यांचे.

मी इंदूरला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये बरीच वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर तरी जुन्या कागदांपासून सुटका होईल असं घरच्यांना वाटलं होतं. माझी भाची नोकरीनिमित्त रॅलेजवळच्या कॅरी गावात राहते. तिला म्हटलं, तू राहतेस त्या मुलखाचा इतिहास काय गं? तर तिने व्हान्सच्या पत्रव्यवहाराचा छापील खंडच वाचायला दिला. तेव्हापासून दुपारचा चहा आणि व्हान्स अशी सवय लागली आहे. आपल्या मंडळाच्या घराघरांतली मुलं आता त्या बाजूला जात-येत असतात, म्हणून हे लिहितोय. पण खरं सांगायचं तर हे कागद मला सोडत नाहीत, हेच लिहिण्याचं कारण.

आधी एक खुलासा. गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन, शपथविधी आणि हारतुरे येतात. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा कारभार हाकणारा माणूस, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. त्यामुळे लोक त्याच्याकडेच गाऱ्हाणी घेऊन जात.

व्हान्सचा जन्म १८३० चा, पश्चिमेकडच्या डोंगराळ बंकम काउंटीतला. वकील, गप्पिष्ट, गोष्टी सांगून सभा जिंकणारा. दक्षिणेतली राज्यं अमेरिकेतून फुटून निघायला लागली तेव्हा हा फुटण्याच्या विरोधात होता. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि अध्यक्ष लिंकनने सैन्य मागवलं. तो नंतर सांगायचा की एकसंध देशासाठी भाषण करताना त्याचा हात वर उठलेला होता, तेवढ्यात ती तार आली, आणि तो हात खाली आला तो फुटीच्या बाजूने. गोष्टीवेल्हाळ माणसाची गोष्ट आहे, थोडं मीठमसाला धरूनच चालावं. पण बाजू बदलली हे खरं. तो २६ व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचा कर्नल झाला, आणि सप्टेंबर १८६२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, गव्हर्नर.

त्या वेळी राज्याची लोकसंख्या किती होती? १८६० च्या शिरगणतीत ९,९२,६२२. त्यांतले ३,३१,०५९ गुलाम. म्हणजे दर तीन माणसांमागे एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा. हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता दफ्तराकडे. माझ्यासारख्या माणसाला आधी त्याची रचनाच बघावीशी वाटते. आलेली पत्रं सुटी, तारखेच्या क्रमाने लावलेली. गेलेल्या पत्रांच्या नकला जाडजूड वह्यांमध्ये. म्हणजे आपलं आवक-जावकच की! आलेलं पत्र घडी घालून त्याच्या पाठीवर कोणाचं, कुठून, कशाबद्दल, हे थोडक्यात लिहिलेलं असे. कित्येकदा त्याखाली व्हान्सचा शेरा: काय उत्तर द्यायचं, कोणाकडे पाठवायचं, की नुसतंच फाइलला लावायचं. तो पाहून रिचर्ड बॅटलसारखे चिटणीस उत्तर तयार करत. पत्रात तीन पानं रडगाणं आणि पाठीवर दोन ओळींचा शेरा. जगभरच्या कचेऱ्या एकाच साच्यातल्या. मीही असे शेरे खूप पाहिलेत, नकलाही केल्यात. पण पत्र आणि शेरा दीडशे वर्षांनी एकत्र वाचायला मिळाले की त्या दोन ओळींचं वजन कळतं.

पत्रांचा मोठा भाग भुकेचा आहे.

हे नीट समजायला तिथले हिशेब पाहावे लागतील. शिपायाला महिना ११ डॉलर पगार. तोही वेळेवर नाही, आणि तोही कागदी नोटांत, ज्यांची किंमत रोज घसरत होती. शेतकरी लढाईवर गेलेला, त्यामुळे शेत पडीक. ज्यांच्याकडे धान्य होतं ते भाव चढायची वाट पाहत कोठारं बंद करून बसलेले. त्यात ऑक्टोबर १८६२ मध्ये असा कायदा झाला की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम असतील तिथल्या एका गोऱ्या माणसाला सक्तीच्या भरतीतून सूट. गरीब गोऱ्यांच्या मनात जे साचत होतं त्याला या कायद्याने तोंड फुटलं.

फेब्रुवारी १८६३ मध्ये ब्लेडन काउंटीतल्या ब्रायंट स्वॉम्प नावाच्या भागातून व्हान्सला एक पत्र आलं. खाली कोणाचं नाव नाही, नुसतं ‘रेग्युलेटर्स’, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. या शब्दाला तिथे इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या अमलात, याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी कर आणि लाचखोरीविरुद्ध बंड केलं होतं, त्यांनी हेच नाव घेतलं होतं. पत्राचा मतलब असा: आमचे मुलगे, भाऊ, नवरे बड्या लोकांचे गुलाम राखण्यासाठी लढतायत आणि आम्हाला इथे परवडणाऱ्या भावात मका मिळत नाही. कोठारांतलं धान्य आम्ही घेणार, आम्हाला झेपेल त्या किमतीला घेणार. नाही दिलं तर रक्त सांडेल. मक्याचा भाव बुशेलला दोन डॉलर झाल्याचा उल्लेख त्यात आहे. नवऱ्याच्या पगाराशी ताडून बघा, महिन्याच्या कमाईत साडेपाच बुशेल मका. बाकी मीठ, कापड, औषध सगळं वाऱ्यावर.

ही पोकळ धमकी नव्हती. महिनाभरातच, १८ मार्च १८६३ ला, सॉल्सबरी गावात शिपायांच्या बायकांचा एक घोळका कुऱ्हाडी घेऊन निघाला. मायकल ब्राउन नावाच्या व्यापाऱ्याकडे जाऊन त्यांनी सरकारी भावाने पीठ मागितलं. तो नाही म्हणाला, तेव्हा त्याच्या गोदामाच्या दारावर कुऱ्हाडी चालल्या. मग एकेक दुकान करत त्या पुढे गेल्या.

तीन दिवसांनी त्यांच्यातल्या मेरी मूर नावाच्या बाईने गव्हर्नरला सगळं सविस्तर कळवलं. काही लपवलं नाही. उलट किती मिळालं त्याची यादीच दिली: तेवीस पिंपं पीठ, दोन पोती मीठ, अर्ध्या पिंपाच्या आसपास काकवी आणि २० डॉलर रोख. शिवाय आपली बाजूही मांडली. आम्ही लष्करासाठी कपडे शिवतो, अस्तर लावलेल्या विजारीला पन्नास सेंट आणि कोटाला पंचाहत्तर सेंट शिलाई मिळते, आणि या पैशांत पोरांची पोटं भरायची. आता सांगा, यात आमचं काय चुकलं?

मला या पत्रातली हिशेबी शिस्त फार आवडते. दंगल करून आलेली बाई पावती दिल्यासारखी यादी देते. आपण लुटारू नाही, हे तिला गव्हर्नरच्या दफ्तरात नोंदवून ठेवायचं होतं. आणि तसं ते नोंदलं गेलं. ब्राउनचीही तक्रार आहेच, पण आज त्या दिवसाबद्दल कोणीही लिहायला बसलं तर मेरी मूरला वगळून पुढे जाता येत नाही.

व्हान्सने काय केलं? सट्टेबाजांविरुद्ध फर्मानं काढली, धान्य आणि कापड राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. गरीब कुटुंबांना धान्य पुरवण्यासाठी सरकारी पैसाही खर्ची पडला. आणि एक गोष्ट त्याने अशी केली की जिचा धागा थेट आपल्याकडे येतो. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती. राज्याने स्वतः एक वेगवान आगबोट विकत घेतली, तिचं नाव ठेवलं ‘अ‍ॅडव्हान्स’. विल्मिंग्टन बंदरातून अंधाऱ्या रात्री निसटायचं, कापूस न्यायचा आणि परत येताना बूट, कापड, औषधं आणायची. याच मार्गाने कापूस विंचरायच्या तारेच्या फण्याही आल्या. घरी सूत काढायचं तर त्या फण्या हव्यात, आणि त्या तिथे बनत नव्हत्या. म्हणून बायकांच्या पत्रांत फण्यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. सप्टेंबर १८६४ मध्ये ही बोट पकडली गेली.

इकडे दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेना म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला, मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि शेअरांचं वेड आलं, आणि १८६५ मध्ये लढाई संपताच ते सगळं कोसळलं. शाळेत आपण हे एका परिच्छेदात शिकलो. त्या परिच्छेदाची दुसरी बाजू म्हणजे फण्या मागणाऱ्या या बायका. कापसाच्या मुलखात राहून अंगावर कापड नाही.

आता एक असा कागद, जो वाचून मी दोन दिवस पुढचं पान उलटलं नव्हतं.

टेनेसीच्या हद्दीजवळ, मॅडिसन काउंटीत, शेल्टन लॉरेल नावाचं खोरं आहे. तिथली बरीच माणसं लिंकनच्या बाजूची. डोंगरात त्या हिवाळ्यात मिठाचा दुष्काळ होता. मीठ नाही म्हणजे डुकराचं मांस खारवता येत नाही, म्हणजे हिवाळाभर खायला नाही. राज्यात मीठ वाटलं जात होतं, पण विरोधी बाजूच्या घरांना ते मिळत नसे. जानेवारी १८६३ मध्ये या खोऱ्यातल्या टोळक्याने मार्शल गावावर धाड घालून मीठ लुटलं. ६४ व्या पलटणीचा कर्नल लॉरेन्स अ‍ॅलन याच्या घरातही शिरले. आत त्याची मुलं तापाने फणफणलेली होती.

मग त्याच पलटणीचा लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ सैन्य घेऊन खोऱ्यात उतरला. पंधरा जणांना धरलं. चौकशीसाठी नेतो म्हणून सांगितलं. दोघे वाटेत निसटले. उरलेल्या तेरा जणांना बर्फात गुडघ्यांवर बसवून गोळ्या घातल्या. त्यांतला सर्वांत लहान डेव्हिड शेल्टन, तेरा वर्षांचा.

हे व्हान्सला कळवलं ऑगस्टस मेरिमन या सरकारी वकिलाने. त्याची तीन पत्रं आहेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर. पहिल्यात ऐकीव बातमी, शेवटच्यात चौकशी करून गोळा केलेली माहिती. पुरुष कुठे लपलेत ते सांगावं म्हणून बायकांना चाबकाने मारलं, काहींना गळ्याला दोर लावून टांगलं. त्यांच्यात एक म्हातारी ८५ वर्षांची. मेरिमन स्वतः दक्षिणेच्या बाजूचाच माणूस. त्याने कुठेही आवाज चढवलेला नाही. नाव, वय, काय केलं, बस. चांगला अहवाल कसा असावा हे मी आयुष्यभर कनिष्ठांना शिकवत आलो, पण असा अहवाल लिहायची वेळ कोणावर येऊ नये.

कीथचं म्हणणं होतं की कैदी आणू नका असा त्याला वरून तोंडी हुकूम होता. तोंडी हुकमाची जावक नोंद नसते. हे त्याला आणि हुकूम देणाऱ्यालाही ठाऊक असणार.

व्हान्स खवळला. हे लोक त्याच्याच मुलखातले, शेजारच्या काउंटीतले. त्याने रिचमंडला युद्धमंत्री जेम्स सेडनकडे कारवाईची मागणी केली. झालं काय, तर कीथला राजीनामा देऊन जाऊ दिलं. लढाईनंतर तो पकडला गेला, दोन वर्षं कोठडीत राहिला, आणि १८६९ मध्ये पळाला तो पुन्हा हाती लागला नाही. तेरा खुनांची शिक्षा कोणालाच झाली नाही. राहिली ती फक्त मेरिमनची पत्रं.

इथवर वाचून व्हान्सबद्दल आदर वाटू लागतो. माझंही तसंच झालं. मग १८६४ ची पानं येतात. तोवर सैन्यातून पळून आलेल्यांनी रँडॉल्फ आणि आसपासच्या काउंट्यांतली जंगलं भरली होती. त्यांना धरायला राज्याचं होम गार्ड होतं, म्हणजे व्हान्सच्याच हाताखालचं दल. थॉमस सेटल या दुसऱ्या सरकारी वकिलाने त्याला लिहिलं की फरारी शिपायांच्या बायकांना पकडून डांबलंय, त्यांत गरोदर बायकाही आहेत. एका फरारी म्होरक्याच्या बायकोचे अंगठे बांधून तिला लोंबकळत ठेवलं, तिची बोटं कुंपणाच्या ओंडक्याखाली चिरडली. शेल्टन लॉरेलमध्ये जे झालं त्याच जातीचं हे. पण या वेळी करणारे रिचमंडचे नव्हते, आपले होते, आणि व्हान्सचा आवाज पहिल्यासारखा चढत नाही. एकाच माणसाचं दफ्तर, मधे जेमतेम दीड वर्षाचं अंतर. चरित्रकार अशा वेळी ‘परिस्थितीचा दबाव’ म्हणून पुढे जातात. दोन्ही वकिलांची पत्रं शेजारी शेजारी ठेवली की मला तसं पुढे जाता येत नाही.

त्याच्या बाजूनेही सांगायला हवं. कोणालाही विनाचौकशी कोठडीत डांबू नये, न्यायाधीशासमोर उभं करावं, या तत्त्वासाठी तो अध्यक्ष जेफरसन डेव्हिसशी अखेरपर्यंत भांडला. डिसेंबर १८६३ च्या अखेरीस त्याने डेव्हिसला सुचवलं की तहाची बोलणी निदान करून तरी पाहा, लोक थकलेत. डेव्हिसने झिडकारलं. या दोघांमधली १८६४ ची पत्रं इतकी कडू आहेत की सरकारी मायने असूनही शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ वाचताना हसू येतं.

आणि आता तो आकडा. ३,३१,०५९.

या सगळ्या पेट्यांत त्या लोकांचं एखादं पत्र शोधायला गेलात तर हात रिकामे परत येतात. त्यांचा उल्लेख पानोपानी आहे, पण दुसऱ्यांच्या अक्षरात. विल्मिंग्टनच्या तटबंदीवर मजूर हवेत म्हणून जनरल व्हाइटिंग गव्हर्नरकडे गुलाम मागतो. मग मालकांची पत्रं: माझी माणसं ठरल्या मुदतीत परत का नाही आली, आजारी होऊन आली, उपाशी ठेवली, पेरणीचं नुकसान कोण भरून देणार. बैल भाड्याने दिल्यावर करावी तशी तक्रार. वाळूचे ते बुरूज ज्यांनी उभारले त्यांना काय वाटत होतं ते या दफ्तरात नाही. कारण उघड आहे. १८३० च्या कायद्याने त्या राज्यात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. कायद्यात एक सवलत होती, आकडे शिकवले तर चालतील! मोजदाद करायला उपयोगी पडत असावी. व्हान्सच्या स्वतःच्या घरी गुलाम होते, आणि ही व्यवस्था मोडावी असं त्याला कधी वाटलं नाही.

मार्था कोलट्रेनला गव्हर्नरला लिहायची भीती वाटत होती, तरी ती लिहू शकली. मेरी मूर तर त्याला जाब विचारू शकली. दफ्तराचं दार गरिबाला उघडं होतं, पण उंबरठ्यावर अक्षर मागत होतं.

यापुढचा भाग त्याच अभिलेखागारात, पण दुसऱ्या नावाच्या पेट्यांमध्ये. एप्रिल १८६५ मध्ये शर्मनची फौज रॅलेत शिरली. व्हान्स आदल्या रात्रीच निघून गेला होता. १३ मे रोजी, बरोबर त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याला स्टेट्सव्हिलमध्ये अटक झाली आणि त्याला वॉशिंग्टनच्या तुरुंगात नेलं. जुलैमध्ये सुटला. त्याच्या जागी आधी काही महिने आणि मग १८६८ पासून निवडून आलेला गव्हर्नर होता विल्यम होल्डन. वर्तमानपत्राचा संपादक, व्हान्सचा कडवा विरोधक. आता काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला होता, शाळा निघाल्या होत्या. आणि होल्डनच्या आवकीत नवी अक्षरं दिसायला लागतात. कु क्लक्स क्लॅनचे बुरखेवाले रात्री येतात, मारतात, घरं जाळतात, वाचवा.

फेब्रुवारी १८७० मध्ये अलामान्स काउंटीच्या ग्रॅहम गावात वायट आउटलॉ या काळ्या पुढाऱ्याला, गावच्या सभासदाला, घरातून ओढून कचेरीसमोरच्या झाडाला फाशी दिलं. मे महिन्यात शेजारच्या कॅस्वेल काउंटीत जॉन स्टीफन्स या गोऱ्या आमदाराचा न्यायालयाच्या इमारतीतच खून झाला. होल्डनने तिथे फौज धाडली. त्यासाठी विधिमंडळाने १८७१ मध्ये त्याच्यावर महाभियोग चालवून त्याला पदावरून काढलं. अमेरिकेत असा काढला गेलेला हा पहिला गव्हर्नर. आलेल्या पत्रांवर ‘फाइल करा’ एवढाच शेरा मारला असता तर बहुधा मुदत पुरी केली असती. राज्याच्या सिनेटने त्याला माफी दिली, पण ती २०११ मध्ये. व्हान्स मात्र १८७७ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाला, मग १८९४ मध्ये मरेपर्यंत वॉशिंग्टनला सिनेटर.

एवढं सगळं टिकलं कसं, हा रेकॉर्ड रूमवाल्याचा प्रश्न. शर्मन येतोय म्हटल्यावर राज्याचा कोषाधिकारी जोनाथन वर्थ याने सरकारी कागद आगगाडीत भरून पश्चिमेकडे हलवले. रुळांवर उभ्या डब्यांत राज्याचं दफ्तर, बाहेर राज्य कोसळतंय. सगळंच काही वाचलं नाही. राज्याकडे अमेरिकन हक्कसनदेची मूळ प्रत होती, ती त्या धामधुमीत एका शिपायाने कॅपिटॉलमधून उचलली. ती परत मिळाली २००३ मध्ये, एफबीआयने गिऱ्हाईक बनून रचलेल्या सापळ्यात. १९०३ मध्ये राज्याने इतिहास आयोग नेमला आणि कागदांना घर मिळालं. त्या आयोगाचे पहिले चिटणीस आर. डी. डब्ल्यू. कॉनर पुढे १९३४ मध्ये साऱ्या अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय अभिलेखपाल झाले.

छापील खंडांची गंमत सांगतो. व्हान्सच्या पत्रांचा पहिला खंड १९६३ मध्ये आला, दुसरा १९९५ मध्ये, तिसरा २०१३ मध्ये. तीन खंडांना पन्नास वर्षं. आपल्या गो. स. सरदेसाईंनी, वडोद्याच्या सयाजीरावांच्या पदरी हयात काढल्यावर, पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० च्या दशकात पंचेचाळीस खंडांत काढले, तेही मोडी उलगडून. तुलना करायची नसते, पण मनात येतेच.

अ‍ॅशव्हिल शहराच्या चौकात व्हान्सच्या नावाचा ६५ फुटी दगडी स्तंभ होता, १८९८ साली पुरा झालेला. २०२१ मध्ये तो उतरवायला सुरुवात झाली, कोर्टकज्जे झाले, वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने आले. स्तंभ ठेवावा की नाही हे तिथल्या लोकांनी ठरवायचं. पेट्या मात्र कोणी हलवा म्हटलेलं नाही. व्हान्सवर सर्वांत कडक टीका करणारा अभ्यासकही पुरावा काढतो तो त्याच पेट्यांमधून.

ज्यांना वाचायचंय त्यांनी दुसऱ्या खंडापासून सुरुवात करावी, म्हणजे १८६३ चं साल. पहिल्या खंडात तरुण व्हान्सची प्रेमपत्रं आणि वकिली जास्त. व्हान्सचं इंग्रजी सरळ आहे. बायकांची आणि शिपायांची पत्रं पहिल्यांदा अवघड जातात. विरामचिन्हं नाहीत, शब्द जसे कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, एक वाक्य पानभर चालतं. त्याला एक उपाय भाचीने सांगितला. डोळ्यांनी वाचायचं नाही, मोठ्याने वाचायचं. तसं केलं की स्पेलिंग आपोआप सुटतं, आणि बोलणारी बाई कुठे थांबून श्वास घेते तेही कळतं.